माकडाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजायला शिकताना

मी या कामात आले ती आकडेमोडीच्या वाटेने. एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या चुंबकीय स्कॅनच्या, फाइली साफ करणं, नकाशे काढणं येत होतं. माकड जवळून कधी पाहिलं नव्हतं. पहिले चार महिने मी फाइल जवळजवळ उघडलीच नाही. ऱ्हीसस माकडांची रोजची वजनं घ्यायची, खाण्यापिण्याच्या नोंदी ठेवायच्या, पशुवैद्य भूल देत असताना शेजारी उभं राहायचं. तेव्हा वेळ वाया जातोय असं वाटायचं. आता कुणी नवीन आलं की मी त्याला आधी हेच करायला लावते.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. एफएमआरआयमध्ये सर्रास वापरला जाणारा, रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून असलेला बोल्ड संकेत म्हणजे रक्तप्रवाह नव्हे. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत दाखवलं की ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं. चेतापेशी कामाला लागल्या की तिथे लागतो त्याहून जास्त ऑक्सिजन घेऊन रक्त धावतं, हे बिघडवणारं हिमोग्लोबिन कमी होतं आणि संकेत वाढतो. म्हणजे प्रवाह, रक्ताचं आकारमान आणि ऑक्सिजनचा खप, तिन्ही त्यात मिसळलेले असतात. 2001 मध्ये निकोस लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून त्याच वेळी एफएमआरआय केलं, म्हणून या संकेताचं पेशींच्या विद्युत हालचालींशी असलेलं नातं आपल्याला थेट पाहायला मिळालं. निरोगी माणसात असं करता येत नाही.

प्रवाहच मोजायचा तर एएसएल, म्हणजे रक्तावरच चुंबकीय खूण करून मोजण्याची पद्धत. यात काही टोचावं लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्याचं चुंबकन रेडिओ लहरींनी उलटवायचं, ते मेंदूत पोचेपर्यंत थांबायचं, प्रतिमा घ्यायची. मग न उलटवता दुसरी घ्यायची आणि वजाबाकी करायची. फरक जेमतेम एक टक्का असतो, आणि रक्तावरची ती खूण काही सेकंदांत विरून जाते. त्यात माकडाचा मेंदू साधारण 90 ग्रॅमचा, माणसाचा तेराशेच्या पुढे. प्रतिमेतला प्रत्येक घन ठिपका लहान ठेवावा लागतो, म्हणून संकेतही लहान. मग जोड्यांमागून जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते. किती वेळ थांबायचं याचा माणसासाठीचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. वेगवेगळे वेळ लावून स्वतः मोजा.

लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण शिरेतून देऊन रक्ताचं आकारमान मोजण्याचीही पद्धत आहे. तिच्यात मेंदूचा भाग जागा झाला की संकेत खाली जातो, हे आधीच सांगून ठेवते.

आता एक गोष्ट सांगते. भुलीखालच्या एका मादीचा एएसएल चालू होता. तासाभरात सगळ्या मेंदूतला प्रवाह चढत गेला आणि मी हरखले. माझ्या वरिष्ठांनी आलेख बघितलासुद्धा नाही, म्हणाल्या, "श्वासाची नोंद दाखव." बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड 38 वरून 47 मिलिमीटर (पाऱ्याच्या दाबात) इतका झाला होता. श्वासाच्या नळीत कफ साचत होता. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात; मला दिसत होता तो प्रवाह त्यापायी होता. नळी साफ केली, मादी सुखरूप उठली. पण तो तासभर मी पडद्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

भुलीचं औषधही गप्प बसत नाही. आयसोफ्लुरेन स्वतः रक्तवाहिन्या सैल करतं आणि चेतापेशींचं काम नि प्रवाह यांचं नातं ढिलं करतं. म्हणून बरेच जण जाग्या माकडावर काम करतात. त्यासाठी लागतात महिने: खुर्चीत बसण्याची सवय, स्कॅनरच्या आवाजाचं रेकॉर्डिंग हळूहळू मोठं करत ऐकवणं, रसाच्या थेंबांचं बक्षीस. डोकं स्थिर असलं तरी हात हलला किंवा रस गिळला, तरी चुंबकीय क्षेत्र हलतं आणि प्रतिमा वाकडी येते, म्हणून रस कधी द्यायचा हेही आखावं लागतं. माकड एखाद्या दिवशी खुर्चीत यायला राजी नसेल तर त्या दिवशी स्कॅन नाही. घाईत मिळवलेला डेटा बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो, आणि माकडाचा विश्वास परत मिळवायला आठवडे जातात.

सुरक्षेबाबत दोनच गोष्टी, पण त्यांत सूट नाही. स्कॅनरचा चुंबक रात्रंदिवस चालू असतो. खिशातली कात्रीसुद्धा उडते. आणि मकाक माकडांच्या (ऱ्हीसस त्यांतलंच) शरीरात हर्पीस बी विषाणू असू शकतो. त्यांना तो फारसा जाणवत नाही, माणसाचा मात्र जीव घेऊ शकतो. चावा, ओरखडा, डोळ्यात शिंतोडा, काहीही झालं तरी लगेच पंधरा मिनिटं धुवायचं आणि तत्काळ सांगायचं. लाजेपोटी लपवायचं नाही.

माझ्या वहीत आजही स्कॅनच्या प्रत्येक पानावर डावीकडचा पहिला रकाना कार्बन डायऑक्साइडचा असतो, दर पाच मिनिटांनी भरलेला. त्यानंतर तापमान, मग नाडी. प्रवाहाचा आकडा सगळ्यात उजवीकडे लिहिते.