प्रशियन सरदाराची लष्करी कारकीर्द कशी जुळवावी

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन सरदाराचं चरित्र लिहायचं असेल, तर आधी एवढं पक्कं करा: तो कोणत्या राजाच्या चाकरीत होता? १८७१ मध्ये प्रशिया या सर्वात मोठ्या जर्मन राज्याच्या नेतृत्वाखाली जर्मन साम्राज्य उभं राहिलं, तरी बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेंबर्ग या राज्यांनी आपापली युद्धमंत्रालयं राखली. बव्हेरियन अधिकाऱ्यांची सेवापुस्तकं म्युनिकच्या युद्धदफ्तरखान्यात आजही सापडतात. प्रशियाचं लष्करी दफ्तर मात्र पॉट्सडॅममध्ये होतं आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते जवळजवळ सगळं जळालं. हे मोठंच नुकसान आहे, पण त्यामुळे वाट बंद होत नाही.

प्रशियन अधिकाऱ्यासाठी छापील वार्षिक रांगलिस्टे, म्हणजे हुद्द्यांच्या याद्या, हाताशी घ्या. वहीत वर्ष, पलटण, हुद्दा, पदकं असे रकाने आखा आणि एकही वर्ष न गाळता भरत चला. पाच-पाच वर्षांच्या उड्या मारल्या की मधल्या छोट्या नेमणुका निसटतात. यादी फक्त त्या वेळची स्थिती दाखवते. बढतीची तारीख हवी असेल तर १८१६ पासून निघू लागलेलं मिलिटेर-वोखेनब्लाट हे लष्करी साप्ताहिक चाळा.

सगळ्यात जास्त फसगत नावांत होते. एकाच पलटणीत एका आडनावाचे अनेक जण असले, की सेवाज्येष्ठतेप्रमाणे नावापुढे रोमन आकडा लागतो. वरचा माणूस गेला की खालच्याचा आकडा बदलतो, म्हणून आकड्यावरून माणूस ओळखू नका. हेल्मुट फॉन मोल्टके या नावाचे तर दोन सेनाप्रमुख झाले, काका आणि पुतण्या. थोरला १८१९ मध्ये डॅनिश सैन्यात लेफ्टनंट झाला, १८२२ मध्ये प्रशियात आला आणि १८३५ ते १८३९ ओटोमन सैन्याचा सल्लागार होता. नुसत्या प्रशियन याद्या पाहिल्या, तर त्याची डॅनिश सुरुवात हातून जाते. ग्राफ, म्हणजे काउंट, ही सरदारी पदवी त्याला १८७० मध्ये मिळाली. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या मोहिमेचं वर्णन करताना त्याला ग्राफ लिहिणं चूक.

हुद्द्यांचंही तसंच. निवृत्त होताना अनेकांना वरच्या हुद्द्याचा फक्त मान मिळे, त्याचा पगार नाही. त्यामुळे थडग्यावर जनरल-मेजर आणि यादीत शेवटपर्यंत ओबेर्स्ट, म्हणजे कर्नल, असं दिसतं. दोन्ही खरं असू शकतं, दोन्ही नोंदवा. घोडदळात कॅप्टनच्या जागी रिटमाइस्टर असतो. पोलादी क्रॉस (आयर्न क्रॉस) हे प्रशियन युद्धपदक. तो १८१३ मध्ये सुरू झाला आणि १८७० मध्ये पुन्हा दिला गेला. तो १८६४ किंवा १८६६ च्या लढाईत मिळाल्याचं कुठे वाचलंत, तर तो मजकूरच संशयास्पद धरा.

लग्न आणि मुलांच्या नोंदी घराण्याच्या गावात मिळाल्या नाहीत, तर छावणीच्या लष्करी चर्चची नोंदवही पाहा. मुलांची जन्मगावं ओळीने मांडली की बापाच्या बदल्यांचा माग लागतो.