शिंक तळव्यात नको, कोपरात घ्या

आपल्याकडं फ्लूचा जोर साधारण दोनदा दिसतो: पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. म्हणजे एकदा श्रावणातल्या सप्ताहांच्या गर्दीत, तर एकदा लग्नसराईच्या तोंडावर.

शिंक आली की बहुतेकांचा हात आपोआप तोंडावर जातो. इथंच चुकतं. तुषार तळव्यावर बसतात आणि लगेच तोच तळवा एसटीच्या दांडीला, तिकिटाच्या पैशाला, लेकराच्या गालाला लागतो. दांडीसारख्या गुळगुळीत, टणक पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू 24 ते 48 तास टिकू शकतो. कापडावर त्याहून कमी.

म्हणून शिंक येतेय असं वाटताच माणसांकडची मान वळवा, थोडं खाली वाका आणि कोपर दुमडून आतल्या घडीत नाक-तोंड दोन्ही दाबून धरा. नुसतं तोंड झाकून नाक उघडं राहिलं तर उपयोग नाही. पहिल्या शिंकेमागून बऱ्याचदा दुसरी येते, तेव्हा हात लगेच काढू नका. नाक चिमटीत धरून शिंक दाबायची सवय मात्र सोडा, तो दाब कानावर येतो. अर्ध्या बाहीचा सदरा किंवा झंपर असेल तर कोपराची कातडी उघडी असते; नंतर हाताबरोबर तीही धुवा. लेकरू कडेवर असेल तर त्याचं डोकं ज्या हाताकडं आहे त्याच्या दुसऱ्या हाताचं कोपर वापरा.

दस्ती वापरायला हरकत नाही, पण घाम पुसायची वेगळी आणि नाकाची वेगळी. नाकाची दस्ती वापरून झाली की ओली बाजू आत घडी करून वेगळ्या खिशात, रोज साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवायची. पदर आणि गमछा ही खरी अडचण आहे. त्यातच खोकायचं, त्यानंच ताट पुसायचं, त्याच पदरानं लेकराचं नाकही. अडीनडीला पदर तोंडाला लावलाच तर त्या दिवशी तो दुसऱ्या कशाला लावू नका.

एसटीत खिडकीबाहेर तोंड काढून खोकणारे पुष्कळ. गाडी चालू असली की वारा ते सगळं मागच्या खिडकीतून आत आणतो. थुंकीचंही तेच. मोटारसायकलवर शिंकताना डोळे मिटतात, तेव्हा आधी वेग कमी करा, जमलं तर गाडी कडेला घ्या.

पाणी टँकरचं असलं तरी हात धुता येतात, एक तांब्या पुरतो. थोड्या पाण्यानं हात ओले करा, साबण लावून 20 सेकंद चोळा: बोटांच्या फटी, अंगठे, नखं. चोळताना पाणी लागतच नाही. उरलेल्या पाण्यानं धुवा आणि ते दुसऱ्यानं ओतलेलं बरं, नाहीतर तांब्याला पुन्हा तोच हात लागतो. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. नुसत्या पाण्यात ती ताकद नाही. सॅनिटायझर किमान 60 टक्के अल्कोहोलचं हवं, आणि मातीनं किंवा शेंबडानं भरलेल्या हातावर ते नीट चालत नाही.

सर्दी-ताप असताना पंगतीत वाढायला उभं राहू नका. कुणी मानापानाचं काढलं तर स्पष्ट सांगा. पाणी प्यायचा गडवा वेगळा ठेवा.

लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढं 5 ते 7 दिवस माणूस फ्लू पसरवू शकतो, लहान लेकरं त्याहून जास्त दिवस. त्यामुळं तापाच्या गोळीशिवाय 24 तास ताप आला नाही, तरच शाळेत किंवा कामावर जा. गोळी खाऊन ताप उतरवून शाळेत धाडलेलं लेकरू वर्गभर फ्लू वाटून येतं. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस, दम्याचा किंवा साखरेचा पेशंट असेल आणि त्याला ताप-खोकला सुरू झाला, तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरकडं न्या. फ्लूवरच्या औषधाचा सर्वाधिक फायदा याच काळात होतो. धाप लागणं, ओठ निळसर होणं, भान नसल्यासारखं बडबडणं, लेकरानं पाणीही न पिणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.