उद्योग पुरस्काराच्या कार्यक्रमाला जाताय? मग हे आधी वाचून जावा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत युनिट असू दे, पहिल्यांदा पुरस्काराचं पत्र आलं की सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. कपडे काय घालायचे, किती वाजता पोचायचं, किती माणसं न्यायची, स्टेजवर बोलायला लावतील काय. वर्षानुवर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस स्टेजच्या चार पायऱ्या चढताना गांगरतो हे मी बघितलंय, आणि त्यात त्याची काही चूक नसते, कुणी आधी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी पुरस्कार कोण देतंय ते बघा. फोन येतो, "अभिनंदन सर, तुमची निवड झालीय", आणि दोन मिनिटांनी कळतं की अमुक इतके हजार अधिक जीएसटी भरायचाय. निवड कशी झाली, परीक्षक कोण, युनिट बघायला कुणी येणार का, हे तीन प्रश्न विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका, त्या पैशात माप तपासायचा एक चांगला गेज येतो. याउलट जिल्हा उद्योग केंद्राची जिल्हा पुरस्कार योजना बघा, तिथं पहिल्याला 15,000 आणि दुसऱ्याला 10,000 रुपये, सोबत गौरवचिन्ह, शाल, श्रीफळ. रक्कम मोठी नाही, पण कागदपत्रं तपासून दिलेला पुरस्कार आहे आणि बँकेत, कस्टमरकडं त्याला किंमत आहे.

पुरस्कार खरा आहे म्हटल्यावर आयोजकांना तुमचं नाव, फर्मचं नाव आणि दोन ओळींची माहिती मराठीत टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवा, त्यांनी मागितली नसली तरी पाठवा. निवेदकाच्या हातात इंग्रजी यादी असते, त्यातनं आडनावाचं काय होईल सांगता येत नाही, आणि "इंजिनिअर्स"चं "इंजिनिअरिंग" झालं की दुसऱ्या दिवशी पेपरातपण तेच छापून येतं. ट्रॉफीवरचं नावसुद्धा आधीच फोटो मागवून तपासा, एकदा कोरल्यावर कोण बदलून देत नाही.

आता माणसं कोण न्यायची. माझं यावर ठाम मत आहे. साधारण दोन-चार पास मिळतात आणि ते घरातच संपतात, घरचे यायलाच पाहिजेत, त्यांनी रात्रीअपरात्री डबे पोचवलेत, पण एक पास तरी शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यात काम करणाऱ्या माणसासाठी ठेवा. जो साचे करणारा मोल्डर, जो ओतलेला माल घासून साफ करणारा फेटलिंगवाला, जो सुपरवायझर रिजेक्शन (नापास माल) खाली आणायला तुमच्यासोबत झटला त्याला घेऊन जा, त्याला त्या दिवशी सुट्टी द्या आणि पगार कापू नका, आणि जमलं तर स्टेजवर सोबत न्या. आयोजकांना आधी विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात. फौंड्रीतला एक मोल्डर मालकासोबत वर गेला होता, हात पँटला पुसून मगच त्यानं ट्रॉफीला हात लावला, आणि खाली आल्यावर पहिला फोन आईला केला. ट्रॉफीचं चीज तिथं होतं.

कपडे साधे, इस्त्रीचे, अंगावर बसणारे. ब्लेझर घालायचाच असं काही नाही, हॉलमध्ये गर्दी आणि उकाडा असतो. चप्पल कोल्हापुरी घातली तरी शोभून दिसते, फक्त नवी कोरी त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका, ती चावते आणि पायऱ्यांवर करकरते. फेटा बांधणार असतील तर दारातच फेटेवाला बसलेला असतो, तिथं रांग लागते, म्हणून सत्कारमूर्तींनी पत्रिकेतल्या वेळेच्या अर्धा तास आधी जावं. चष्मा असेल तर तो काढून फेटा बांधून घ्या, चष्मा नंतर घाला, नाहीतर कानाच्या वर रुततो आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं.

वेळेचं म्हणाल तर पत्रिकेत साडेपाच असेल तर पाहुणे आल्याशिवाय चालू होत नाही, आणि पाहुणे मंत्री असतील तर आणखी दोन कार्यक्रम करून येतात. त्यामुळं निघताना काहीतरी खाऊन निघा, लहान पोरं असतील तर त्यांच्यासाठी पाणी-बिस्किट पिशवीत ठेवा. गाडीचं पण आधी बघून ठेवा, शाहू स्मारक भवनात कार्यक्रम असला तर दसरा चौकात संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात वेळ जातो.

मग दीपप्रज्वलन, शाहू महाराजांच्या प्रतिमेचं पूजन, स्वागत, प्रास्ताविक, आणि भाषणं. भाषणात शाहू महाराजांनी वसवलेली 1895 ची शाहूपुरी पेठ आणि 1906 ची शाहू मिल ही कापड गिरणी बहुतेक येतेच, आणि यायलाच पाहिजे, आपला गुळाचा बाजार आणि कारखानदारी आली कुठनं ते नव्या पोरांना कळू दे. मोबाईल सायलेंटवर ठेवा आणि ऐका.

तुमच्या आधीच्या कॅटेगरीचं नाव पुकारलं की उठून स्टेजच्या बाजूला जाऊन उभं राहा, चढायचं कुठनं आणि उतरायचं कुठनं ते स्वयंसेवकाला विचारून घ्या. वर गेल्यावर सगळं पटापट होतं. आधी शाल पडते, मग हातात श्रीफळ, मग ट्रॉफी, मग सर्टिफिकेट, आणि हात दोनच. नारळ डाव्या हातात छातीजवळ धरा म्हणजे शाल पण दाबून धरली जाते, उजव्या हातानं ट्रॉफी खालनं धरा, तुमच्या नावाची बाजू फोटोग्राफरकडं. पाहुण्यांकडं बघून नमस्कार झाला की कॅमेऱ्याकडं बघा आणि फ्लॅश पडेपर्यंत थांबा. बरेच जण फ्लॅशच्या आधीच वळतात आणि मग फोटोत नुसता फेटा दिसतो.

बोलायला सांगितलं तर तीन-चार वाक्यं बास. काय बनवता, कुणाला देता, कुणामुळं जमलं. कामगारांची नावं घ्या, "माझी सगळी टीम" असं मोघम नको, नाव घेतलं की हॉलमधनं टाळी वेगळी पडते.

आपला पुरस्कार झाला की लगेच उठून जाऊ नका ही मात्र हात जोडून विनंती. जीवनगौरव शेवटी असतो, आणि ज्या माणसानं आयुष्य घालवलं त्याच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, हे बघवत नाही.

जेवणाच्या रांगेत खरी कामाची बोलणी होतात. तिथं एखादा मशीन शॉपवाला भेटतो, कुणाला नेमकं तुम्ही करता त्या वजनाचं कास्टिंग (ओतीव भाग) पाहिजे असतं, कुणाचा मुलगा डिप्लोमा करून बसलेला असतो. व्हिजिटिंग कार्ड खिशात पाहिजेतच, पण रस्सा ओरपणाऱ्या माणसाच्या हातात कार्ड कोंबू नका, हात धुऊन येऊ दे त्याला.

फोटोग्राफरचा नंबर तिथंच घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोटो मागवा, आठवडा गेला की शोधायला त्याला पण जड जातं. पेपरला द्यायचा असेल तर बातमी त्याच रात्री पाठवावी लागते. आणि फोटोची एक मोठी प्रिंट काढून शॉपवर लावा, केबिनमध्ये नको, हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी लावा, जिथनं सगळे रोज ये-जा करतात.