बेल्जियन बिअर घरी करायचीये? मग आधी यीस्ट ठरवा

बेल्जियन स्टाइलची बिअर पहिल्यांदा करणारे बरेचजण माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि कँडी शुगरवर तासन्‌तास डोकं घालतात आणि यीस्ट मात्र पाकिटावर ‘ॲबी’ (म्हणजे मठ) लिहिलंय एवढं बघून उचलतात. माझ्या मते हे उलटं हवं. ट्रिपेलमध्ये, म्हणजे सोनेरी, कडक बेल्जियन एलमध्ये, असतं काय, पिल्सनर माल्ट (फिकट रंगाचं), साधी साखर, थोडे हॉप्स (कडूपणा देणारी फुलं), बास. केळ्याचा, लवंगेचा, मिरीचा जो वास येतो तो जवळजवळ सगळा यीस्टचाच. केळं म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट हे एस्टर (फळांसारखा वास देणारं रसायन), आणि लवंग म्हणजे माल्टमधल्या फेरुलिक ॲसिडपासून यीस्टने बनवलेलं फिनॉल (मसालेदार वास देणारं रसायन). या दोघांचं प्रमाण प्रत्येक स्ट्रेनमध्ये (यीस्टच्या वाणात) वेगळं, त्यामुळे नुसतं ‘बेल्जियन यीस्ट द्या’ म्हणण्याला काही अर्थच नाही.

नवीन असाल तर मी डोळे झाकून वायीस्ट ३७८७ किंवा व्हाइट लॅब्सचं डब्ल्यूएलपी ५३० सांगेन (वायीस्ट आणि व्हाइट लॅब्स या यीस्ट विकणाऱ्या कंपन्या, आकडे त्यांच्या स्ट्रेनचे). दोन्ही वेस्टमाले या बेल्जियन मठाच्या ब्रुअरीची स्ट्रेन म्हणून ओळखली जातात, आणि वेस्टव्हलेटरेन मठातले मंकसुद्धा वेस्टमालेचंच यीस्ट वापरतात, म्हणजे एकाच यीस्टवर ट्रिपेलपासून काळ्या स्ट्राँग एलपर्यंत सगळं होतं. १८ डिग्रीला टाका, दोनेक दिवस तिथेच धरा, मग हळूहळू २२-२३ पर्यंत चढू द्या. सुरुवातीलाच गरम ठेवलं तर फ्युझेल अल्कोहोल (जड, उग्र अल्कोहोल) वाढतं आणि घशाला जळजळ जाणवते, ती नंतर कितीही मुरवली तरी नीट जात नाही. अजून एक, याचा फेस भयंकर येतो, फर्मेंटरमध्ये वर भरपूर जागा सोडा आणि एअरलॉकऐवजी (गॅस बाहेर सोडणाऱ्या छोट्या झडपेऐवजी) जाड नळी लावा.

डब्ल्यूएलपी ५०० शिमे ब्रुअरीचं मानतात, गरमीत केळं फार पुढे येतं, मला डबेलमध्ये (गडद बेल्जियन एल) ते आवडतं पण ट्रिपेलमध्ये नाही. वायीस्ट १७६२ रोशफोर ब्रुअरीचं, स्वभावाने शांत, गडद बिअरला छान. वायीस्टचंच १३८८ डुव्हेल या बिअरचं, आणि गंमत म्हणजे डुव्हेलचं यीस्ट मुळात स्कॉटलंडहून आणलेलं, पहिल्या महायुद्धानंतर डुव्हेलच्या ब्रुअरीचे आल्बर्ट मूर्टगाट ते घेऊन आले. हे शेवटी शेवटी फार रेंगाळतं, घाईने बॉटलिंग करू नका.

सेझॉं, म्हणजे कोरडी बेल्जियन फार्महाउस बिअर, हा वेगळाच विषय. ड्युपाँ ब्रुअरीची म्हणून ओळखली जाणारी वायीस्ट ३७२४ चवीला अप्रतिम, पण ग्रॅव्हिटी (द्रवाची घनता, यावरून साखर किती उरली ते कळतं) १.०३५ च्या आसपास आली की अडून बसण्यासाठी प्रसिद्ध, मग ३० डिग्रीच्या वर न्यावं लागतं आणि वाट बघावी लागते. तापमान वाढवायची सोय नसेल तर सरळ ३७११ घ्या, ती अडत नाही, बिअर पार कोरडी करून सोडते. मात्र ३७२४, ३७११ आणि बेल सेझॉं, बीई-१३४ ही ड्राय यीस्ट डायस्टॅटिकस जातीच्या आहेत, म्हणजे बाकी यीस्ट जे डेक्स्ट्रिन (माल्टमधली जड साखर) सोडून देतं तेही या हळूहळू खात राहतात. ग्रॅव्हिटी अजून उतरत असताना बाटल्या भरल्या तर बाटल्या फुटू शकतात, हे खरंच गांभीर्याने घ्या. काही दिवसांच्या अंतराने रीडिंग घ्या, आकडा हललाच नाही तरच भरा, आणि त्या बॅचच्या प्लास्टिक नळ्या दुसऱ्या बिअरला वापरू नका.

ड्राय यीस्टला नाक मुरडायचं कारण नाही. लालमांड ॲबे किंवा फर्मेंटिसचं बीई-२५६, स्टार्टर करायची (यीस्ट आधी थोड्या माल्टच्या पाण्यात वाढवून घ्यायची) कटकट नाही आणि पेशी भरपूर मिळतात. वासाचे बारकावे मात्र मला लिक्विडमध्ये जास्त सापडतात.

आणि पहिली बॅच १.०८० ची ट्रिपेल करू नका प्लीज. १.०५० च्या आसपासची साधी ब्लाँड (हलकी, फिकट बेल्जियन एल) करा, वर्ट (न आंबवलेलं माल्टचं पाणी) दोन फर्मेंटरमध्ये वाटा, एकच स्ट्रेन टाका पण एक १८ ला आणि दुसरा २४ ला ठेवा, दोन ग्लास शेजारी ठेवून प्यायलात की तापमान काय करतं ते लगेच कळतं. मग १८ वाल्या फर्मेंटरच्या तळाचा गाळ निर्जंतुक बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याभरात ट्रिपेल लावलीत तर तेच ताजं, भरपूर यीस्ट तिला पुरेल.