केडीव्हीचा सॉलिटॉन शेपटीवरून कसा तपासायचा

सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट म्हणून केडीव्ही (कोर्टवेग-द व्रीस) समीकरण, म्हणजे उथळ पाण्यातल्या लांब लाटांचं समीकरण, घेतलं, की स्क्रीनवर एक गुळगुळीत उंचवटा (सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता पुढे जाणारी एकटी लाट) उजवीकडे सरकू लागतो आणि काम झालंसं वाटतं. पण साध्या स्केलवर दिसतो तो फक्त माथा. कोडमधली चूक आधी उमटते ती लांबच्या शेपटीत, जिथे किंमत माथ्याच्या लाखांश-कोट्यंश उरलेली असते. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा.

समीकरण असं (यू म्हणजे लाटेची उंची, एक्स जागा, टी वेळ): ∂यू/∂टी + ६ यू ∂यू/∂एक्स + ∂³यू/∂एक्स³ = ०. एकट्या सॉलिटॉनचा आकार सेक-हायपरबोलिकच्या वर्गाचा असतो आणि के या एकाच संख्येवरून सगळं ठरतं: उंची २के², वेग ४के², आणि माथ्यापासून दूर यू जवळपास ८के² × ई^(−२के × अंतर). के = १ घेतलं तर उंची २, वेग ४ आणि माथ्यापासून १० अंतरावर यू १.६५ × १०⁻⁸. कोड लिहिण्याआधी हे आकडे वहीत मांडून ठेवा.

एक्स −४० ते ४०, ५१२ बिंदू, दोन्ही टोकं जोडलेली (पिरिऑडिक), डबल प्रिसिजन. एफएफटी (यू-ला लहरींत फोडणारा फास्ट फुरिए ट्रान्सफॉर्म) घ्या, तिसऱ्या विकलजाचा भाग इंटिग्रेटिंग फॅक्टरने (घातांकी गुणकाने) अचूक सोडवा आणि उरलेल्या नॉनलिनिअर भागाला चौथ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टा (वेळेत पायरीपायरीने पुढे जाणारी पद्धत) लावा. टाइम स्टेप ०.००१ ठेवा. फॅक्टर न लावता तीच रुंगे-कुट्टा चालवली, तर सर्वांत मोठा वेव्हनंबर (२π भागिले लहरीची लांबी) सुमारे २०, त्याचा घन ८,००० च्या वर, म्हणून स्टेप ०.०००३५ च्या खाली ठेवावी लागते. बिंदू दुप्पट केले की स्टेप आठपट लहान. ही मर्यादा ओलांडली की थोड्याच वेळात सगळे आकडे एनएएन (‘संख्या नाही’) होतात. तो दोष निदान दिसतो तरी. फॅक्टरमधलं चिन्ह उलटं पडलं तर प्रोग्राम निमूटपणे चालत राहतो आणि उंचवटा लहरींत विरून जातो. दुसरीकडून उचललेल्या कोडमध्ये डोमेन बहुधा २π लांबीचं असतं. तुमचं ८० आहे, तेव्हा पूर्णांकांना २π/८० ने गुणल्याशिवाय वेव्हनंबर मिळत नाहीत.

माथा −२० वर ठेवून सुरुवात करा आणि टी = ५ ला थांबा; तो ० वर यायला हवा. आता यू-च्या निरपेक्ष किमतीचा नैसर्गिक लॉग (पाया ई) एक्ससमोर काढा. निरपेक्ष किंमत यासाठी, की शेपटीतल्या लहरी ऋण होतात आणि लॉग तिथे अडकतो. माथ्यापासून ४ ते ८ अंतराच्या पट्ट्यात सरळ रेष बसवा. पुढच्या बाजूला उतार −२.००, मागच्या बाजूला +२.०० यायला हवा. त्याहून फार दूर जाऊ नका. तिथे राउंड-ऑफमुळे आलेख आडवा होऊन नुसतं गवत उगवतं.

उतारावरून, वेगावरून आणि उंचीवरून के वेगवेगळा काढा. तिन्ही तीन दशांश स्थळांपर्यंत जुळले पाहिजेत. उंची मोजताना नुसता सर्वांत मोठा बिंदू धरू नका: बिंदूंमधलं अंतर ०.१५६ आहे, खरा माथा दोन बिंदूंच्या मधोमध आला तर अगदी अचूक उत्तरातही १.९८८ दिसतं. भोवतालच्या तीन बिंदूंतून पॅराबोला बसवून माथा काढा.

सॉलिटॉनच्या पुढे, म्हणजे उजवीकडे, लहरी दिसल्या तर सावध व्हा. केडीव्हीत लहान लहरी डावीकडेच पळतात, वेव्हनंबरच्या वर्गाच्या तिप्पट वेगाने. वेव्हनंबर ३ ची लहर २७ च्या वेगाने जाते, म्हणजे तीन एकक वेळात ८० लांबी ओलांडून उजव्या टोकातून परत आत शिरते. डोमेन १६० करा (बिंदू १,०२४), नाहीतर टोकांजवळ हळूहळू वाढणारं डॅम्पिंग (लहरी शोषून घेणारं पद) घाला. डॅम्पिंगची पट्टी मात्र सॉलिटॉनच्या वाटेत येऊ देऊ नका.

रिपोर्टमध्ये यू-चं इंटिग्रल स्थिर राहिल्याचा आलेख पुरावा म्हणून देण्याचा मोह होतो. या पद्धतीत शून्य वेव्हनंबरचा गुणक बदलतच नाही, त्यामुळे कोड चुकलेला असला तरी ते इंटिग्रल स्थिर राहतं. यू²-चं इंटिग्रल बघा; के = १ साठी ते ५.३३३ येतं. मग टाइम स्टेप निम्मी करा. चूक सोळापट कमी झाली नाही, तर रुंगे-कुट्टाच्या चार पायऱ्यांत कुठेतरी गफलत आहे.

शेवटची परीक्षा टकरीची. के = १ चा सॉलिटॉन −२५ वर, के = १/२ चा −१० वर ठेवा. टी = १० ला मोठा १५ वर नसून १६.१० वर सापडायला हवा आणि लहान ० वर नसून −२.२० वर: मोठा ३ च्या नैसर्गिक लॉगइतका (१.१०) पुढे ढकलला जातो, लहान त्याच्या दुप्पट मागे.

व्हायव्हाला सिद्धेश्वर तलावातल्या लाटांचं उदाहरण देऊ नका. वाऱ्याने उठलेल्या त्या आखूड लाटांना केडीव्ही लागू होत नाही. लाट खोलीच्या मानाने बरीच लांब आणि बुटकी हवी. उजनीच्या कालव्यातली लांब लाट त्याच्या जास्त जवळची. स्कॉट रसेलने १८३४ मध्ये एडिंबरोजवळ पाहिली तीही कालव्यातलीच.

केडीव्हीऐवजी बेंजामिन-ओनो (खोल पाण्यातल्या अंतर्गत लाटांचं समीकरण) घेतलं असेल तर सेमी-लॉग आलेखात (फक्त यू-चा लॉग) शेपूट वाकलेलीच दिसेल. तिथे यू १/एक्स² ने घटतो, म्हणून दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन −२ उतार शोधा आणि डोमेन कितीतरी मोठं ठेवा.