स्फटिक बॅटरी घरी करताना या चुका टाळा

तांब्याची नळी, मधोमध मॅग्नेशियमची पट्टी आणि दोघांमध्ये घट्ट बसलेले पांढरे स्फटिक. व्होल्टमीटर लावला की दीड व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो आणि स्फटिकांतूनच वीज येते असं वाटायला लागतं. पुढच्या निम्म्या चुका या एका समजुतीतून होतात. वीज येते ती मॅग्नेशियम किंवा जस्त झिजण्यातून. स्फटिकांचं काम दोन धातूंमध्ये आयनांना वाट देण्याचं, आणि तेही त्यांच्यात ओल असेपर्यंतच. म्हणजे इंधन धातूचं, वाट ओलीची. सेल बिघडला की या दोनपैकी काय संपलं किंवा कुठे अडलं, एवढंच शोधायचं असतं.

हिशेब आधी करा. १ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण वापरलं गेलं तर साधारण २,२०० मिलिअँपिअर-तास मिळतात, १ ग्रॅम जस्तातून ८२०. प्रयोगशाळेत मिळणारी मॅग्नेशियमची फीत ३ मिमी रुंद आणि ०.२ मिमी जाड असेल तर १ मीटरचं वजन जेमतेम १ ग्रॅम भरतं. सेलमध्ये त्यातले ६ सेंटिमीटर गेले की हाताशी १३० मिलिअँपिअर-तास, आणि त्यातलं निम्मं तरी नुसत्या गंजण्यात जातं असं धरून चाला. उरलेल्या ६५-७० मध्ये १ मिलिअँपिअरचा दिवा तीन दिवसांच्या आत बाहेर चालत नाही. ‘कायम चालणारी बॅटरी’ असं कुणी म्हणत असेल तर तिच्यातल्या मॅग्नेशियमचं वजन विचारा.

सामान आणताना

मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट, आपल्याकडे शोधावं लागत नाही. कापसावर लाल्या दिसला की हेच फवारायला सांगतात, त्यामुळे मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रात ते असतंच. पिशवीवर मॅग्नेशियमचं प्रमाण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं हवं. सात रेणू पाणी असलेलं, आपल्याला हवं ते, हेच. इथे नेहमीची चूक म्हणजे शेजारचं झिंक सल्फेट किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण उचलणं. मिश्रणात लोह आणि तांबं असतं. ते मॅग्नेशियमवर चिकटून बसतं आणि तिथल्या तिथे हजारो छोटे सेल तयार करून पट्टी आतल्या आत खाऊन टाकतं. तार न जोडताच दोन दिवसांत पट्टी संपली तर कारण बहुधा हेच. मोरचूद मिसळल्यावर सुरुवातीला व्होल्टेज चढतं हे खरं, पण काही मिनिटांत तांबं मॅग्नेशियमवर लालसर थरासारखं बसतं आणि सेल मरतो. म्हणून मॅग्नेशियमच्या सेलमध्ये मोरचूद नाहीच. नायट्रेट असलेलं कोणतंही खत या कामाच्या टेबलावरही आणू नका. मॅग्नेशियमच्या किसाजवळ ते आगीला निमंत्रण आहे.

खताच्या प्रतीचं मॅग्नेशियम सल्फेट मळकट असेल तर गरम पाण्यात विरघळवा, दुहेरी सुती कापडातून गाळा आणि पसरट काचेच्या भांड्यात रात्रभर ठेवा. सकाळी तळाला बसलेले स्वच्छ स्फटिक घ्या, वरचं पाणी टाका. मळ त्या पाण्यात राहतो.

तुरटी लागते ती फक्त जस्ताच्या सेलला. किराणा दुकानात ती मिळते, पण सगळी तुरटी एक नसते. हवी ती पोटॅश तुरटी. बाजारात अमोनियम तुरटीही असते, दिसायला अगदी तशीच. ओळखायला चिमूटभर पूड घ्या, तंबाखूला लागतो तो ओला चुना त्यात कालवा आणि हाताने वारा घेऊन वास पाहा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ती या कामाची नाही, कारण अमोनिया तांब्याला खातो आणि सेलमध्ये निळा रंग उतरतो. पाणी शुद्ध करायची मोठी वडी बऱ्याचदा नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट असते, तीही सोडा.

मीठ मात्र खडेमीठच घ्या. त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराईडमुळे पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. स्वयंपाकघरात त्याचा वैताग येतो, सेलला ते उपयोगी पडतं.

पाणी बोअरचं वापरू नका. आपल्या भागात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातला क्षार तुरटीशी भिडला की पांढरा गाळ तयार होतो. इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. दुकानात नुसतं ‘बॅटरीचं पाणी’ मागू नका, त्या नावाखाली काही ठिकाणी पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड हातात येतं. डबा पाहून घ्या.

धातू ओळखण्यातली फसगत

तांब्यासाठी एसी-फ्रिजच्या मेकॅनिककडे उरलेले नळीचे तुकडे सर्वांत चांगले: आतून १४ मिमी, लांबी ६ सेंटिमीटर. मोटार वायंडिंगच्या दुकानातली तार घ्यायची तर तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तार गुंडाळून सेल केला आणि मीटर शून्य दाखवतोय, याचं कारण बहुतेक वेळा हेच. पॉलिश पेपरने लख्ख घासा. भंगारातल्या तारेला आधी चुंबक लावून पाहा, चिकटली तर आत पोलाद आहे. नाही चिकटली तर चाकूने खरवडा. आत रुपेरी रंग निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

मॅग्नेशियमसाठी प्रयोगशाळेच्या फितीपेक्षा गिझरमधला ॲनोड रॉड भरपूर पडतो. जड पाण्यामुळे आपल्याकडे हे रॉड वारंवार बदलावे लागतात. अर्धवट झिजलेले रॉड प्लंबरकडे आणि भंगारात असतात. पण काही रॉड ॲल्युमिनियमचे असतात. ओळख सोपी आहे: घासून उघड्या केलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे फेसाळतात, ॲल्युमिनियम शांत राहतं. रॉडच्या पोटात लोखंडी सळई असते, ती सेलमध्ये जाता कामा नये. कापायला हॅक्सॉ वापरा आणि हळू चालवा. ग्राइंडर कधीच नको. मॅग्नेशियमचा कीस ठिणगीने पेटतो, आणि पेटल्यावर त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते. कोरड्या वाळूचा डबा शेजारी ठेवूनच काम सुरू करा.

जस्त जुन्या साध्या झिंक-कार्बन सेलच्या बाहेरच्या डबीतून मिळतं. अल्कलाईन सेल फोडू नका, त्याची डबी पोलादाची असते आणि आत कॉस्टिक पोटॅश असतं. लिथियमचा सेल तर कोणत्याही कारणाने उघडायचा नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या तुकड्याने काम भागेल असं अनेकांना वाटतं. १२० जीएसएमच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला चौरस सेंटिमीटरमागे फक्त ६ मिलिग्रॅम. ते संपलं की खाली पोलाद लागतं आणि व्होल्टेज एकदम पडतं.

मिश्रण

चार सेलसाठी मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, खडेमीठ २ ग्रॅम, धुऊन वाळवलेली बारीक वाळू १० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १० मिली, ग्लिसरीनचे १० थेंब. मॅग्नेशियमच्या सेलमध्ये तुरटी घालू नका. तिचं द्रावण चांगलंच आम्ल असतं आणि मॅग्नेशियम त्यात हायड्रोजन सोडत विरघळतं. पट्टी जस्ताची असेल तर मिठाऐवजी ५ ग्रॅम तुरटी चालते.

काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून गरम करा. ॲल्युमिनियमचं भांडं घेतलं तर तेही या रसायनात सामील होतं. वाटी पुन्हा स्वयंपाकात आणायची नाही. सगळं विरघळणार नाही आणि विरघळावं अशी अपेक्षाही नाही. घट्ट लापशीसारखं झालं की पुरे. कोरडं दिसतंय म्हणून पाणी वाढवत गेलात तर थंड झाल्यावर स्फटिकांवर पाण्याचा थर तरंगतो. उलट थेट गॅसवर ठेवून कोरडं केलंत तर स्फटिकातलंच पाणी उडतं. मॅग्नेशियम सल्फेटच्या निम्म्याहून थोडं अधिक वजन पाण्याचंच असतं. ते गेलं की उरते नुसती पांढरी पूड, जिच्यातून काही वाहत नाही.

ओल टिकावी म्हणून कॅल्शियम क्लोराईड घालण्याची युक्ती ऐकायला चांगली वाटते. सल्फेटशी गाठ पडताच त्याचं जिप्सम होतं. सेलच्या पोटात प्लास्टर भरल्यासारखंच ते.

जोडणी

नळी आतून चिंच आणि मिठाने घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा. पट्टीला सुती कापडाचा एक वेढा द्या, वरून दोऱ्याने बांधा. भरण्याआधी नळी आणि पट्टी यांच्यात मीटरची बीप वाजत नाही ना, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकलेली नाहीत ना, ते पाहा. खालचं तोंड मेणाने बंद करा, मिश्रण गरम असतानाच काडीने दाबत भरा आणि सहा-सात तास हलवू नका.

मॅग्नेशियमला साधा डाग (सोल्डर) देता येत नाही. तार पितळी स्क्रूने दाबून बसवा आणि तो सांधा मिश्रणाच्या निदान १ सेंटिमीटर वर ठेवा. सांध्यावर ओल चढली तर तांब्याची तार आणि मॅग्नेशियम तिथेच आपला वेगळा सेल थाटतात आणि पट्टी नेमकी मानेशी तुटते. सांध्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्या.

वरून मेण ओता, पण सुईएवढं छिद्र ठेवा. मॅग्नेशियम ओलीत असताना थोडा हायड्रोजन सुटतच राहतो. पक्कं बंद केलं तर झाकण उडतं किंवा मेणाला तडे जातात. तांब्याच्या बाजूला हवेतला ऑक्सिजनही हवा असतो, तो याच वाटेने जातो. सेल चालताना बंद कपाटात ढीग लावून ठेवू नका, जवळ काडी पेटवू नका.

मोजताना होणारी दिशाभूल

चांगला मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून मेलेला सेलही त्यावर ऐटीत दीड व्होल्ट दाखवतो. खरी परीक्षा १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून करायची. रेझिस्टर नसताना १.४५ व्होल्ट आणि जोडल्यावर १.१ उरले, तर आतला अडथळा साधारण ३२० ओहम, सेल उत्तम. ०.३ वर कोसळला तर अडथळा ३,८०० ओहमच्या पुढे. असे चार वाईट सेल ओळीने जोडून लाल एलईडी लावला तर पाव मिलिअँपिअर मिळतो, अंधारात जेमतेम दिसण्याइतका. तेच चार चांगले असले तर सुरुवातीला ३ मिलिअँपिअर. काही मिनिटांत तो उतरतो आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा वर येतो. सेल ‘स्वतः चार्ज झाला’ असं लोक याला म्हणतात. खरं तर तांब्याजवळ संपलेला ऑक्सिजन परत पोचलेला असतो, धातू मात्र परत आलेला नसतो. जस्त-तांब्याच्या सेलकडून ०.७ ते ०.९५ व्होल्टपेक्षा जास्तीची अपेक्षा नको, मॅग्नेशियमकडून १.३ ते १.६.

अडथळा मोजायला मीटर ओहमवर ठेवून सेलला लावणं ही आणखी एक चूक. सेलचं स्वतःचं व्होल्टेज मध्ये आल्याने आकडा निरर्थक येतो.

भिंतीवरचं घड्याळ का अडखळतं? त्याची सरासरी गरज थोडी असली तरी दर सेकंदाला ते क्षणभर काही मिलिअँपिअर ओढतं. सेलला समांतर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ध्रुव पाहून. पडद्यावर आकडे दाखवणारं छोटं घड्याळ मात्र एका चांगल्या सेलवर शांतपणे चालतं. एका सेलवर पांढरा एलईडी पेटवायला जूल थीफ, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून देणारं छोटं सर्किट करणार असाल तर ट्रान्झिस्टरच्या बेसला नेहमीच्या १ किलोओहमऐवजी १० किलोओहम लावा, नाहीतर ते सेलला एका दमात झोपवतं.

ऋतूप्रमाणे बिघाड

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि हवा अगदी कोरडी. त्या दिवसांत व्होल्टेज तसंच राहून रेझिस्टर लावताच कोसळत असेल तर सेल सुकलेला आहे. छिद्रातून डिस्टिल्ड पाण्याचे ३-४ थेंब सोडा, तासभर थांबा, पुन्हा मोजा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला सेल पाझरतोय? ४८ अंशांच्या पुढे सात पाण्यांचा स्फटिक टिकत नाही, त्याचं पाणी सुटतं आणि मिश्रण ढिलं पडतं. सेल सावलीत, माठाजवळच्या गार जागेत ठेवा. ऑगस्टमध्ये उलटी तक्रार येते: मिठाने ओल ओढलेली असते, अडथळा कमी होतो, प्रवाह छान मिळतो, पण पट्टी दुप्पट वेगाने गंजते. काम नसेल तेव्हा छिद्रावर टेप लावा आणि महिनाभर ठेवायचा असेल तर पट्टी काढूनच घ्या.

पट्टीवर पांढरा चिकट थर दिसला तर तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड. तो साचला की प्रवाह कमी होतो. पट्टी काढून व्हिनेगरमध्ये ५-१० सेकंद बुडवा, घासा, धुऊन परत बसवा. तांब्यावर निळा-हिरवा थर असेल तर मिश्रण आम्ल झालंय किंवा तुरटी चुकीची आली आहे. अशा वेळी पूर्ण मिश्रण बदला. काढलेलं मिश्रण, विशेषतः निळं झालेलं, गुरांच्या हौदाजवळ किंवा विहिरीच्या काठाला टाकू नका. पट्टीची जाडी निम्म्यावर आली असेल तर पाणी, मीठ, ग्लिसरीन यांतलं काहीही घालून उपयोग नाही, नवी पट्टी घाला.