एअर होइस्ट खोलण्याआधी

एअर होइस्ट, म्हणजे कंप्रेसरच्या हवेवर चालणारं भार उचलायचं यंत्र, भार उचलत नाही असा निरोप आला की फिटर पाना घेऊनच शिडीकडे निघतो. पाना राहू द्या. आधी भार खाली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवायच्या कारखान्यात, खाली बॅच अडकलेली असते, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो, आणि मग सुताचा कॅरियर (सूत ठेवायचा सांगाडा) लोंबकळता ठेवूनच कव्हर खोलायची घाई होते. बहुतेक एअर होइस्टमध्ये ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. म्हणजे हवा बंद केल्यावर सगळा भार त्या एका ब्रेकवर. भार उतरतच नसेल तर माणसं बाजूला काढा, पुरेशा टनाच्या चेनपुलीवर तो तोलून घ्या आणि मॅन्युअलात दिलंय तसंच उतरवा. ‘ब्रेक जरा सैल करून बघू’ असं कोणी म्हणालं तर त्याला चहाला पाठवा.

आता, काही खोलायच्या आधीच हवेचा दाब दाखवणारा गेज बघा, तेही हूक रिकामा ठेवून, होइस्ट चालत असताना. उभ्या होइस्टवर काटा ६ बार दाखवतो आणि सगळे मोटरला शिव्या घालतात. बटण दाबल्यावर तोच काटा ४ वर येत असेल तर मोटरचा दोष नाही. होज बारीक किंवा फार लांब, फिल्टर तुंबलेला, व्हॉल्व्ह अर्धाच उघडा, नाहीतर त्याच लाइनवर दुसरं मशीन हवा खातंय.

मग मेन व्हॉल्व्ह बंद, कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, इशाऱ्याचा टॅग. टॅग तेलुगू-कन्नड वाचणाऱ्यालाही कळेल असा, आपल्याकडे शिफ्टमध्ये सगळेच असतात.

आणि कोंडलेली हवा सोडा. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे हवा गेली असं नाही! साधा बॉल व्हॉल्व्ह पुढची हवा तशीच धरून ठेवतो: होजमध्ये, फिल्टरच्या भांड्यात, पार मोटरपर्यंत. होजचा जोड, म्हणजे कप्लर, काढला की होज तोंडावर फटकारतो. त्याहून वाईट म्हणजे भार उचलणाऱ्या तारेच्या रोपवर हात असताना खालच्याने पेंडंट (लोंबतं बटणांचं खोकं) दाबलं, तर उरलेल्या हवेवरही रोप गुंडाळणारा ड्रम हलतो. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं, म्हणून एवढी कटकट. हूक रिकामा, रोपपाशी कोणी नाही हे बघून वर-खाली दोन्ही बटणं दाबा, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत. काटा शून्यावर आला तरी कान द्या, काटे अडकतात. मालकाच्या मागे लागून बंद होताच पुढची हवा बाहेर सोडणारा, कुलूप लागणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो बसला तरी बटणं दाबाच.

प्रेशर ठीक असून होइस्ट मंद असेल तर एक्झॉस्टचा सायलेन्सर काढा. टॉवेलच्या कारखान्यात तेल आणि तंतूंचा लगदा तिथेच बसतो. नंतर व्हेन, म्हणजे मोटरच्या आतली हवेने ढकलली जाणारी पाती: झिजलेल्या, किंवा तेलाविना अडकलेल्या. पाणी येत असेल तर कंप्रेसरच्या टाकीचा ड्रेन कोणी उघडतच नाही असं समजा. भार सरकत असेल तर ब्रेकचं लायनिंग झिजलंय किंवा त्यावर तेल गेलंय. गळती साबणाच्या पाण्याने शोधा, हाताने नाही. यासाठी हवा परत चालू करावी लागते. ती परत बंद केल्यावर परत सोडायची. दर वेळी. ‘आत्ताच तर सोडली होती’ चालणार नाही.

रोप: तुटलेल्या तारा, पीळ, चपटा भाग दिसला तर बदला, जोड देऊ नका. ड्रमवर मॅन्युअलातले वेढे शिल्लक हवेत. हूकची लॅच (भार निसटू न देणारी पट्टी) बघा. लिमिट, म्हणजे हूक फार वर-खाली गेला की होइस्ट थांबवणारा स्विच, तोही बघा. चाचणी आधी रिकामी, मग हलका भार, मग पूर्ण भार वीतभर उचलून थोडा वेळ तसाच धरा. खाली कोणी नको. वार्षिक तपासणीचा दाखला तारखेत आहे का ते बघा, रजिस्टरवर सही करा, आणि टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा.